व्हिंटन काउंटीच्या रानात लिव्हर-ॲक्शन घेऊन

शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दुर्बीण लावलेली लांब नळीची रायफल येते, पाचशे यार्डावरनं बार काढणारी. अमेरिकेतल्या ओहायोत हरणासाठी तसली रायफल चालतच नाही. काडतूस बुडापासून तोंडापर्यंत सरळ पाहिजे, वर जाऊन निमुळतं होणारं नको, कारण निमुळत्या काडतुसाची हलकी वेगवान गोळी नेम चुकला तर लांबवर जाते आणि इथं रान, शेत, घर, रस्ता सगळं एकमेकांना चिकटून आहे. २०१४ च्या आधी तर हरणाला रायफलच नव्हती, शॉटगनचा स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी), तोंडातून भरायची मझलोडर नाहीतर हँडगन, एवढंच. मग सरळ काडतुसाच्या रायफलींना परवानगी आली आणि पिस्तुल-रिव्हॉल्व्हरची जुनी काडतुसं, .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट, लिव्हर-ॲक्शनमधनं (चापाभोवतीची दांडी खाली-वर करून पुढची गोळी आत घेणारी रायफल) लोक परत रानात घेऊन जायला लागले. मी पण त्यातलाच. माझी मार्लिन १८९४, .४४ मॅग्नममधली.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण मंडळातली पोरं नेहमी विचारतात. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवता येत नाही, पण ज्याच्याकडे चालू हंटिंग लायसन्स आहे त्याला त्यात सूट आहे. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही, मी ते आल्यावरच सुरू केलं. लायसन्ससाठी पहिल्यांदा हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो आणि तो मनापासून करा, त्यात शिकवलेलं सगळं कामाला येतं.

रविवार

थँक्सगिव्हिंगचा वीकेंड संपायला आलेला, सगळी गर्दी घराकडे परतत होती आणि आम्ही दोघं, मी आणि ऑफिसमधला मित्र, उलट्या दिशेला. कोलंबसहून रूट ३३ धरला, लँकेस्टर गेलं, लोगनला वळून ९३ नंबरचा रस्ता घेतला आणि मॅकआर्थरच्या अलीकडं गाडी डोंगराळ भागात शिरली. व्हिंटन ही ओहायोतली सगळ्यात कमी लोकवस्तीची काउंटी (म्हणजे जिल्हा). कोलंबसच्या आजूबाजूला नुसती सपाट मक्याची शेतं, आणि इथं अचानक टेकड्या, घळी, ओढे, ओकची झाडं, मधूनच कोळशाच्या जुन्या खाणींच्या जागा. मी कोल्हापूरचा, लहानपणी राधानगरी-दाजीपूरच्या रानात वडिलांबरोबर फिरलोय, त्यामुळं असला चढउताराचा रस्ता लागला की मला बरं वाटतं.

जमीन ह्या मित्राच्या मामांची. मीही त्यांना मामाच म्हणतो, त्यांना अर्थ सांगितल्यापासून ते फोनवर पण "मामा बोलतोय" असंच म्हणतात. सगळी उमर कोळशाच्या खाणीत गेली, आता रिटायर. गेल्यागेल्या त्यांनी परवानगीचा कागद सही करून हातात दिला. ओहायोत दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायची तर लेखी परवानगी खिशात पाहिजे, ओळख कितीही असू दे.

दुपारी मागच्या कुरणात नेम तपासला. ही बंदूक बघायला साधी आहे, २० इंची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, तीन किलोच्या आसपास वजन, दुर्बीण नाही, मागे छोटी रिंग आणि पुढे माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा छोटा उंचवटा. रिंगमधून बघायचं, माशी सावजावर ठेवायची, बास. गोळ्या बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक करून अंगठ्याने आत ढकलायच्या, झडपेची स्प्रिंग कडक आहे त्यामुळं थंडीत अंगठ्याचं टोक सोलून निघतं. आत नळीखालच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक आडव्या बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या गोळीच्या बुडाला, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या प्रायमरला टेकलेलं असतं. म्हणून टोकदार गोळी यात घालायची नाही, धक्क्याने आतच बार व्हायचा. चपट्या नाकाची वापरायची, नाहीतर हल्ली रबरासारख्या मऊ टोकाची मिळते ती. माझी २४० ग्रेन वजनाची (साधारण साडेपंधरा ग्रॅम), चपट्या नाकाची.

.४४ मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टननं १९५५ च्या सुमाराला आणलं. रिव्हॉल्व्हरच्या छोट्या नळीतून हीच गोळी सेकंदाला १२०० ते १४०० फुटांच्या वेगानं जाते, २० इंची नळीतून तीच साधारण १७५० फुटांनी. बारूद तीच, पण लांब नळीत तिला गोळीला ढकलायला जास्त वेळ मिळतो. आणि ही काही आजची आयडिया नाही, १८७३ ची विंचेस्टर रायफल आणि कमरेचा रिव्हॉल्व्हर दोन्हीला एकच काडतूस चालायचं, माणसाला एकाच जातीच्या गोळ्या बाळगायला लागायच्या.

पण १७५० हा आकडा नळीच्या तोंडाशी. शंभर यार्डावर तो १४०० च्या खाली येतो आणि जोर जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतो, गोळी आखूड आणि जाड, हवा तिला लगेच अडवते. त्यानंतर ती खाली पण झपाट्यानं येते. त्यामुळं मामांचा नियम असा की जेवणाची कागदी प्लेट झाडाला लावायची, जेवढी हरणाची छाती तेवढीच ती, आणि गुडघ्यावर बसून जिथून प्रत्येक गोळी प्लेटमध्ये बसते तेवढाच आपला पल्ला. टेबलावर बंदूक टेकवून नाही, गुडघ्यावर. माझा पल्ला ऐंशी यार्ड निघाला. मामा म्हणाले, "मग ऐंशीच्या पुढचं हरण तुझं नाही." मी मान डोलावली, आणि मला ते मनापासून पटलेलं होतं.

संध्याकाळी वाऱ्याची दिशा बघत रानातून फिरलो. यंदा व्हाइट ओकच्या झाडाखालची फळं केव्हाच संपलेली, ती कमी तुरट असतात म्हणून हरणं आधी तीच खातात. आता रेड ओकखाली पालापाचोळा उकरलेला दिसत होता. ताजी लेंडी, ओढ्याच्या चिखलात खूर, आणि एका पातळ झाडाची साल नरानं शिंगं घासून मांडीच्या उंचीला पार सोललेली.

सोमवार

हरणाच्या गन सीझनचा पहिला दिवस म्हणजे ग्रामीण ओहायोत सणच, कितीतरी शाळांना सुट्टी असते. पहाटे पाचला उठलो, कॉफी, वरून भडक नारिंगी जाकीट. ते कायद्यानं सक्तीचं आहे, हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही पण दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार काढायला परवानगी, आणि बंदुकीत तीनच गोळ्या, चेंबर-मॅगझिन मिळून. मॅगझिनमध्ये जास्त मावतात, पण हरणाच्या शिकारीला तीनच. मला हा नियम आवडतो, तीन गोळ्या म्हटल्यावर पहिलीच नीट लावायची सवय लागते.

मी ओढ्याच्या वरच्या अंगाला एका जाड ओकला पाठ लावून बसलो. मचाण होतं, पण मला जमिनीवरच बसायचं होतं. उजाडायला लागलं तसे चारी बाजूंनी लांबलांबचे बार ऐकू यायला लागले, एखादा जवळचा, बाकी सगळे डोंगरापलीकडचे. सव्वाआठला घळीच्या पलीकडच्या उतारावर, जिथं जुन्या खाणीच्या जागेत ऑटम ऑलिव्हची झुडपं माजलीत (खाण बुजवल्यावर माती धरून ठेवायला म्हणून ती लावली होती आणि आता हटता हटत नाहीत), तिथं एक नर उभा राहिला. आडवा. पूर्ण बाजू माझ्याकडं, मान वर, शिंगांची टोकं पांढरी चमकत होती. इतका देखणा नर मी रानात पहिल्यांदाच बघत होतो.

रेंजफाइंडर लावला, १२६ यार्ड.

दुर्बिणीची मोठी रायफल असती तर तो नर माझा होता, ह्यात शंका नाही. आणि .४४ नं सुद्धा कितीतरी लोक १२६ ला मारतात, गोळी तिथं पोचते, हरीण मरतं पण. प्रश्न माझ्या हाताचा आणि माझ्या डोळ्याचा होता. तेवढ्या लांबून माशीच हरणाच्या छातीचा बराच भाग झाकते, मागे थोडं सरकलं तर पोटात लागणार, आणि पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडत कुठल्या तरी काटेरी झुडपात जाऊन मरतं, सापडत नाही. मी बंदूक मांडीवर ठेवली आणि नुसतं बघितलं. तो दोनेक मिनिटं उभा होता, मग शेपूट हलवत सावकाश टेकाडापलीकडं गेला. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. कमी पल्ल्याची बंदूक घेऊन यायचं तर लांबचं सोडायची तयारी घरनंच करून यायला लागते.

दुपारनंतर दोन माद्या आणि यंदाचं पाडस आलं, पण वारा फिरला, पुढच्या मादीनं नाक वर केलं, पाय आपटला, आणि पांढऱ्या शेपट्या वर करून तिघं गायब.

मंगळवार

दिवसभर पाऊस. सकाळी तासभर बसून आलो, झाडावरनं थेंब टपटपतायत त्यात काही ऐकू येईना. बाकी दिवस मामांच्या शेगडीपाशी. बंदुका पुसल्या, तेल दिलं.

मामांनी सांगितलेली गोष्ट मात्र लिहिण्यासारखी आहे. त्यांचे वडील लहान असताना ह्या रानात हरीणच नव्हतं. एकही नाही. जंगलं तोडली, बेसुमार शिकार झाली आणि १९०४ पर्यंत ओहायोतलं हरीण संपलं. मग बाहेरून आणून सोडली, शेजारच्या राज्यांतून काही आपली आपण आली, आणि १९४३ मध्ये फक्त तीन काउंट्यांत पहिल्यांदा परत सीझन उघडला, त्यात १६८ हरणं मारली गेली. १९५६ पर्यंत राज्याच्या सगळ्या ८८ काउंट्यांत हरीण पोचलं होतं. आता दरवर्षी दोन लाखांच्या वर मारली जातात तरी संख्या टिकून आहे. लायसन्सचे पैसे वाइल्डलाइफ खात्याला जातात, शिवाय १९३७ च्या एका फेडरल कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवर जो वेगळा टॅक्स लागतो तो राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळतो. म्हणजे माझ्या .४४ च्या डब्याच्या किमतीतला थोडा भाग ह्याच रानात येतो.

भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद केली ते बरोबरच झालं, आपल्याकडं तेव्हा उरलंच काय होतं. मी लहानपणी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ बघायचो तेव्हा अभिमान वाटायचा, आता तेच आठवलं की पोटात कालवतं. तिथं हिशोब ठेवणारं कोणी नव्हतं. इथं प्रत्येक मारलेल्या हरणाची नोंद होते, काउंटीवार मर्यादा ठरतात आणि कमी झाली की मर्यादा खाली येते. माझ्या आईला फोनवर हेच सांगत बसलो होतो. ती ऐकून म्हणाली, "ते सगळं असू दे, तू खाणार असशील तरच मार." आईचा नियम मामांच्या नियमाएवढाच पक्का आहे.

बुधवार

पाऊस थांबलेला, थंडी वाढलेली, पश्चिमेचा वारा एकसारखा. पाला भिजून मऊ झालेला, पाय टाकला तर आवाज नाही. असा दिवस वर्षात मोजकाच मिळतो. बसायचं नाही ठरवलं, वाऱ्याला तोंड करून चालत जायचं.

चालत म्हणजे कसं, तर दोन पावलं आणि मग थांबायचं, मिनिटभर, कधी तीन मिनिटं. प्रत्येक थांबण्यात समोरचा सगळा भाग डोळ्यानं चाळायचा. पूर्ण हरीण शोधायचं नाही, ते दिसत नसतंच, झाडं सगळी उभी असतात म्हणून आडवी रेघ शोधायची, ती पाठ असते. किंवा कानाची हालचाल, नाहीतर काळं ओलं नाक. मल्टिफ्लोरा रोझ म्हणून एक काटेरी गुलाब इथं सगळीकडं पसरलाय, तो आणि ग्रीनब्रायरची काटेरी वेल मिळून ओढ्याच्या कडेला अशी दाट जाळी झालीय की आत वीस-पंचवीस यार्डापलीकडं काही दिसत नाही. असल्या जागी लांब पल्ल्याची रायफल घेऊन उपयोग काय? आखूड नळीची लिव्हर-ॲक्शन मात्र काट्यात अडकत नाही, एका हातात धरून वाकून जाता येतं, आणि खांद्याला लावली की आपोआप बघायच्या जागी बसते.

शंभर यार्ड जायला मला तास लागला असेल. पावणेदहाच्या सुमाराला ओढ्याच्या वळणावर एक आडवी रेघ दिसली. पडलेलं झाड वाटलं. मग त्या रेघेचं एक टोक हललं.

मादी होती, मोठी, एकटी, काटेरी झुडपाची शेवटची पानं खात. मधे दोन झाडं आणि वेलींचा गुंता. गोळी जड असली की झुडपातून सरळ जाते असं बरेच जण म्हणतात, ते धरून चालू नका, फांदीला लागलेली कुठलीही गोळी वळते. मोकळी जागा मिळेपर्यंत थांबायचं. मी डावा गुडघा ओल्या पाल्यात टेकला, पँट लगेच भिजली, आणि घोडा मागे ओढताना चाप थोडा दाबून धरला म्हणजे कट्‌ असा आवाज येत नाही. नंतर चाप सोडला, घोडा मागे अडकलेला. सेफ्टी आधीच काढलेली.

तिनं मान वर केली. माझ्याकडं नाही, ओढ्याकडं. एवढ्या जवळून मला तिच्या पापण्यांचे केस दिसत होते, नाकपुडीतून निघणारी वाफ दिसत होती, कानाच्या आतली पांढरी लव आणि तिथं चिकटलेलं एक गवताचं बी सुद्धा. छाती धडधडत होती माझी. मी माशी पुढच्या पायाच्या मागच्या रेघेवर ठेवली, छातीच्या खालच्या भागात, आणि थांबलो. ती एक पाऊल पुढं आली. झाड सुटलं. मी चाप हळूच मागे घेतला.

बार मोठा झाला असणार, मला तो आठवत नाही. लिव्हर मारून दुसरी गोळी आपोआप आत गेली होती, इतकी सवयीची हालचाल आहे ती. मादीनं मागच्या पायांनी लाथ झाडल्यासारखं केलं, शेपूट खाली दाबून जाळीत घुसली, पाच-सहा सेकंद काड्या मोडल्याचा आवाज, मग शांत.

लगेच तिच्या मागे जायचं नाही. अर्धा तास बसून राहिलो, घड्याळ बघून. जनावराला पाठलागाची चाहूल लागली तर शेवटच्या ताकदीवर ते पार लांब जातं, नाही लागली तर जवळच आडवं होतं. मग ती उभी होती तिथं गेलो, माझ्या गुडघ्याच्या खुणेपासून २४ पावलं. बीच झाडाच्या फिक्या पानावर रक्त होतं, गुलाबीसर लाल, बारीक बुडबुडे असलेलं. बुडबुडे म्हणजे फुप्फुस. गडद काळपट असतं तर कलेजी, आणि हिरवट घाण असती तर पोट, मग चार-पाच तास तरी थांबावं लागलं असतं. माग काढायला काही कष्ट पडले नाहीत, दर दोन-तीन फुटाला डाग, दोन्ही बाजूंना, म्हणजे गोळी आरपार गेलेली. ओढ्याच्या काठापाशी ती पडली होती, बार काढल्या जागेपासून पन्नासेक यार्डावर. काठीनं डोळ्याला स्पर्श करून बघितलं, पापणी हलली नाही. मग बंदूक रिकामी केली, बाजूला झाडाला टेकवली आणि तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसलो. प्रत्येक वेळी बसतो. अंग गरम होतं.

नाव, तारीख, वेळ, काउंटी लिहून टॅग कानाला बांधला, इथं टॅग आपला आपणच बनवायचा असतो. ॲपवर गेम चेक (मारलेल्या हरणाची नोंद) केला की १८ आकडी नंबर येतो, तो टॅगवर लिहायचा, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मुदत असते पण मी जागच्या जागी करतो. मित्र आला, दोघांनी मिळून आतडी काढली. पोटाची चामडी दोन बोटांच्या मधून, सुरीची धार वर ठेवून कापायची, म्हणजे आतडं फुटत नाही. दोन्ही फुप्फुसं आरपार, हृदयाचा वरचा भाग फाटलेला, आणि खांद्याचं मांस मात्र जवळपास जसंच्या तसं. वेगवान रायफलीच्या गोळीनं खांदा लागला तर आसपासचं मांस रक्ताळून फेकून द्यावं लागतं, ह्या सावकाश जाड गोळीनं तेवढं नुकसान होत नाही. खाण्यासाठी मारणाऱ्यानं हे बघावं.

ओढत न्यायला दोन तास गेले, चढ होता.

गुरुवार

रात्रभर मामांच्या कोठारात टांगून ठेवलेली, तापमान तीन-चार डिग्री, म्हणजे फ्रिजचीच गरज नाही. सकाळी कातडी काढली आणि तुकडे केले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या वेगळ्या, मागचे पाय वेगळे, मानेचं आणि पुढच्या पायांचं खिम्याला. निव्वळ मांस वीसेक किलो भरलं. चरबी जेवढी निघाली ती सगळी काढून टाकली, हरणाची चरबी तोंडात मेणासारखी चिकटते आणि तिला वास मारतो. मांस मात्र एकदम लाल, कोवळं, बोकडापेक्षा रश्श्याला कमी तेलकट. एक पट्टी आणि मागचा एक पाय मामांना ठेवला, मित्राला पुढचे दोन्ही.

मामांच्याच किचनमध्ये मी तांबडा रस्सा केला. कांदा-लसूण मसाला मी कोल्हापूरहून आणलेला सोबत नेतोच. हाडाचं पाणी आधी काढून घेतलं, सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटली, मांस कुकरला चार शिट्ट्या, बोकडाला मी सहा देतो पण ह्यात चरबी नसल्यामुळं जास्त शिजवलं तर कोरडं पडतं. मामांनी दोन वाट्या नुसत्या प्यायल्या, नाकातोंडातून पाणी, आणि तिसरी मागितली. मागच्या पायाचं सुकं घरी करायचं ठरलंय, बायकोच्या हातचं, तिचं वाटण माझ्यापेक्षा चांगलं असतं.

निघताना मामा म्हणाले की तो नर बुधवारी संध्याकाळी परत त्याच उतारावर दिसला. डिसेंबरमध्ये गन सीझनचा आणखी एक वीकेंड असतो. तोपर्यंत पाला गळून त्या उतारावर आडोसा राहणार नाही, पण ऑटम ऑलिव्हच्या खालच्या अंगानं एक जुना खाणीचा रस्ता आहे, मातीनं अर्धा बुजलेला, पश्चिमेचा वारा असेल तर त्याच्यातून ओणवं होऊन साठ यार्डापर्यंत पोचता येईल असं मला वाटतं. मामांना तो रस्ता माहिती आहे, ते म्हणतात मधे एक ओहोळ आहे, रबरी बूट आण.